डोळ्यातून रक्ताची पिचकारी मारणारा शिंगवाला: बेडूक, शॅमेलिऑन की सरडा?

निवडुंग

मंडळी, गेली सहा वर्षं मी पश्चिम टेक्सासात मिडलंडला राहतेय. इथे डोंगर नाही, नदी नाही. झाड म्हणाल तर मेस्कीट, म्हणजे आपल्या वेड्या बाभळीची सख्खी बहीण. बाकी क्षितिजापर्यंत तेलाचे पंप माना डोलावत उभे.

गेल्या शनिवारी गावाबाहेरच्या पांढऱ्या चुनखडीच्या रस्त्यावर चालत होते. पुढ्यात वाळलेल्या शेणाची एक गोवरी पडलेली दिसली. ती ओलांडायला पाय उचलला आणि गोवरीने डोळे मिचकावले!

उकिडवी बसून बघितलं. बोटं सोडून नुसत्या तळव्यात मावेल एवढा जीव. भाकरीच्या गोळ्यावर पहिल्या दोन थापा पडल्या की तो जसा दिसतो, तसा चपटा. पाठीच्या मधोमध खडूने ओढल्यासारखी पांढरी रेघ. काजळ फिसकटावं तसे डोळ्यांपासून खाली गेलेले काळे पट्टे. पोटाच्या दोन्ही कडांना बारीक काट्यांची झालर, तीही एकाखाली एक अशी दुहेरी. आणि डोक्यामागे शिंगं: मधली दोन चांगली लांब, बाजूची आखूड. मी हलले नाही, तोही हलला नाही. दहा मिनिटं आम्ही एकमेकांकडे बघत बसलो.

घरी येऊन विचारपूस केली तर नावांचाच गोंधळ. इथली जुनी माणसं त्याला ‘हॉर्नी टोड’ म्हणतात. फोर्ट वर्थच्या एका विद्यापीठाचा तो ‘हॉर्न्ड फ्रॉग’. माझ्या ऑफिसातली, मेक्सिकोतल्या चिवावा राज्याची मैत्रीण म्हणाली, “आमच्याकडे कामालेऑन.” म्हणजे कुणी भेक (टोड, बेडकाचा खडबडीत कातडीचा भाऊबंद) म्हणतं, कुणी बेडूक, कुणी शॅमेलिऑन, आणि तिघंही चूक. तो सरडा आहे. शास्त्रीय नाव फ्रायनोसोमा कॉर्नुटम. गंमत म्हणजे शास्त्रज्ञांनाही भेकाचा मोह सुटला नाही: ग्रीकमध्ये ‘फ्रायनोस’ म्हणजे भेक, ‘सोमा’ म्हणजे शरीर. ‘कॉर्नुटम’ हे लॅटिन, म्हणजे शिंगवाला. भेकाच्या अंगाचा शिंगवाला.

याच्याबद्दल वाचत सुटलेय. कुणाला रस असेल तर लिहिते.

कोकणी_कडी

रस आहे का म्हणजे काय! बैठक मारलीय. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

शिंगं ऐकून मला शिंगाडाच आठवला. मराठी नाव नसेल तर ‘शिंगाड्या’ ठेवून टाका.

शंकासुर

आधी एक तांत्रिक मुद्दा. हल्ली सगळे ‘ही प्रजाती, ती प्रजाती’ लिहितात. शाळेत आम्ही सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती असं घोकलंय. म्हणजे फ्रायनोसोमा ही प्रजाती आणि कॉर्नुटम ही जाती. धागा वर्गीकरणावर जाणार असेल तर निदान एवढं पाळा.

दुसरं, शीर्षकातलं रक्त. डोळ्यातून रक्ताची पिचकारी? व्हॉट्सॅप विद्यापीठ?

निवडुंग

@शंकासुर, जाती-प्रजातीचं मान्य, तसंच लिहीन. रक्ताकडे येते, थोडा धीर धरा. @कोकणी_कडी, शिंगाड्या मंजूर!

आधी कुळाची कथा. १८२५ साली रिचर्ड हार्लन या फिलाडेल्फियाच्या निसर्गअभ्यासकाने याचं वर्णन छापलं आणि नाव दिलं ‘अगामा कॉर्नुटा’. त्या काळी अगामा हे नाव म्हणजे माळ्यावरची अडगळीची ट्रंक. जो सरडा कुठेच बसेना, तो त्यात. तीन वर्षांनी, १८२८ साली, वीगमन या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने या चपट्या मंडळींची वेगळी प्रजाती केली, ती फ्रायनोसोमा. त्यात आज दीड डझनाच्या आसपास जाती धरतात. सगळ्या उत्तर आणि मध्य अमेरिकेतल्या, दुसरीकडे कुठेही नाहीत.

कुल मात्र बरीच वर्षं इग्वानांचंच होतं. १९८९ साली फ्रॉस्ट आणि एथरिज या दोघांनी त्या भल्यामोठ्या एकत्र कुटुंबाच्या वाटण्या केल्या आणि फ्रायनोसोमॅटिडी हे कुल वेगळं निघालं. जुन्या पुस्तकात ‘इग्वानिडी’ वाचलंत तर ते वाटणीच्या आधीचं समजा. याच्या सर्वांत जवळचे भाऊबंद म्हणजे वाळूत सुसाट पळणारे सडपातळ, लांब पायांचे सरडे. भावाभावांत इतका फरक कसा पडला? माझ्या मते या प्राण्याबद्दलचा मुख्य प्रश्न हाच. याचं उत्तर एका शब्दात देता येतं: मुंग्या. पण आत्ता जेवायला वाढायचंय.

पठारावरचा

छान धागा. मी साताऱ्याचा, चाळकेवाडीच्या पठारावर सरडे बघत फिरणारा हौशी माणूस. थोडी भर घालतो.

आपल्याकडचा कुंपणावरचा, मान लाल करून दंड-बैठका काढणारा सरडा अगामिडी कुलातला. लांबून बघितलं तर तोही सरडा, निवडुंगताईंचा शिंगाड्याही सरडा. जबडा उघडला की फरक कळतो. आपल्या सरड्याचे दात जबड्याच्या हाडाच्या कडेवरच चिकटून आलेले असतात. शिंगाड्याच्या कुलात ते हाडाच्या आतल्या बाजूला टेकून उभे असतात. दिसायला क्षुल्लक, पण वर्गीकरणात या गोष्टीला फार वजन.

आता गंमत बघा. ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात ‘मोलॉक’ नावाचा एक काटेरी सरडा आहे. तोही शिंगवाला, संथ, आणि मुंग्यांवरच जगणारा. दोघांचे फोटो शेजारी ठेवले तर कुणीही भाऊ म्हणेल. पण मोलॉक अगामिडी कुलातला! म्हणजे तो टेक्सासच्या शिंगाड्याचा कुणी नाही, आपल्या कुंपणावरच्या सरड्याचा चुलत भाऊ आहे. धंदा एकच निवडला म्हणून दोघांचा वेष सारखा झाला, इतकंच.

जाता जाता: चाळकेवाडीला पवनचक्क्यांखाली गळ्याचा निळा-काळा-नारिंगी पंखा फुलवणारा जो सरडा दिसतो, त्याच्या प्रजातीचं शास्त्रीय नावच ‘सारडा’ आहे. २०१६ साली ती वेगळी केली तेव्हा नाव आपल्या मराठी शब्दावरून दिलं. ‘सारडा सुपर्बा’. जगभरचे शास्त्रज्ञ आता मराठी बोलतात.

माईआजी

निवडुंग, छान लिहितेस गं. मी पुण्यात बसून सगळं वाचते. त्या दाताच्या माणसाचंही छान. सारडा ऐकून तर मला हसूच फुटलं. जेवणं झाली असली तर मुंग्यांचं सांग आता.

निवडुंग

माई, झाली जेवणं. :)

याचं मुख्य अन्न म्हणजे हार्वेस्टर मुंग्या. बिया वेचून बिळात कोठार भरणाऱ्या, लालसर, चांगल्या मोठ्या. त्यांच्या वाटेच्या कडेला हा बसून राहतो आणि एकेक मुंगी जिभेने टिपतो. धावपळ नाही, पाठलाग नाही. पंगतीला बसल्यासारखं.

पण मुंगी हे निकृष्ट अन्न. वर कठीण कवच, आत ऐवज थोडा. पोट भरायचं तर ढिगाने खायला हव्यात, आणि तो ढीग ठेवायला पोट मोठं हवं. याच प्रजातीतल्या वाळवंटी जातीचं मोजमाप १९७० च्या दशकात एरिक पियांका या टेक्सासच्या परिस्थितिशास्त्रज्ञाने केलं होतं. जठराचं वजन शरीराच्या सुमारे १३ टक्के निघालं. इतर सरड्यांच्या मानाने हे खूपच जास्त. आता एवढं पोट घेऊन पळणार कसं? म्हणून अंग पसरट, चाल संथ. पळता येत नाही म्हणून मातीचा रंग आणि काटे. उघड्यावर तासन् तास मुंग्या टिपत बसायचं म्हणून लपण्याचं सोंग. त्या गोवरीचं सगळं अंग मुंग्यांनी घडवलंय.

शिवाय या मुंग्यांचं विष किडामुंगीच्या जगातल्या सर्वांत जहाल विषांपैकी. मला एकदा चावलीय. पोटरी संध्याकाळपर्यंत ठणकत होती आणि चावल्याच्या जागेभोवती घामाचे थेंब उभे राहिले होते. हा मात्र त्या जिवंत गिळतो, न चावता. घशात दाट चिकट स्राव असतो, त्यात मुंगी गुंडाळून टाकतो. वर याच्या रक्तात ते विष निष्प्रभ करणारा घटकही आहे.

@शंकासुर, आता तुमची पिचकारी. कोयोट किंवा कुत्र्याने याला तोंडात धरायला घेतलं की डोक्यातून परत जाणाऱ्या रक्ताची वाट स्नायू आवळून बंद करतो. डोळ्याभोवतीच्या पोकळीत रक्त तुंबतं, पापण्या टम्म फुगतात आणि पापणीच्या कडेने बारीक धार सुटते, चार फुटांपर्यंत. कुत्र्याच्या जातीच्या प्राण्यांना त्या रक्ताची चव सहन होत नाही. डोकं झटकतात, तोंड गवतावर घासतात, नाद सोडतात. मेक्सिकोत आलेल्या फ्रान्सिस्को एर्नांदेस या स्पॅनिश वैद्याने सोळाव्या शतकातच हे टिपून ठेवलंय. व्हॉट्सॅपच्या बरंच आधी.

शंकासुर

मागे घेतो. पण एक शंका राहतेच (नाव सार्थ करायला हवं). एवढं हमखास हत्यार असेल तर प्रत्येक शत्रूवर का चालवत नाही? रक्त काही फुकट येत नाही.

निवडुंग

अगदी बरोबर विचारलंत, मलाही हाच प्रश्न पडला होता. पक्षी किंवा साप आला तर सहसा पिचकारी नाहीच. वेड शेरब्रुक या अभ्यासकाने उभं आयुष्य या सरड्यांमागे घालवलं. त्यांनी याला दोन प्रकारच्या सापांसमोर ठेवून पाहिलं. रॅटलस्नेक आला की हा पळतो, कारण तो साप जागच्या जागी दबा धरून डसणारा. जरा लांब गेलं की सुटका. चपळ व्हिपस्नेक आला तर मात्र पळत नाही, कारण शर्यत हरणार हे ठरलेलं. तिथेच बसतो, अंग ताटलीसारखं पसरून सापाच्या बाजूला ढालीसारखं तिरकं उभं करतो. ‘मी तुझ्या घशात मावणार नाही’ हा निरोप. खरोखरच शिंगं घशात रुतून साप मेल्याच्याही नोंदी आहेत.

शिंगंही नुसती खवल्यांची नव्हेत. आत कवटीचं हाड आहे.

पठारावरचा

शिंगांवरून आठवलं. खाटीक पक्षी सगळ्यांना माहीत असेल. माळावर बाभळीच्या काट्याला टोळ, पाली टोचून ठेवतो तो. त्याचाच अमेरिकेतला भाऊबंद शिंगवाल्या सरड्यांनाही असाच टोचतो. २००४ साली काही संशोधकांनी नैर्ऋत्य अमेरिकेतल्या चपट्या शेपटीच्या जातीवर काम केलं. खाटकाने काट्यांवर, तारांवर टांगलेल्या सरड्यांच्या कवट्या गोळा केल्या, त्यांची शिंगं मोजली आणि जिवंत सरड्यांशी ताडून पाहिली. जिवंत असलेल्यांची शिंगं लांब निघाली. म्हणजे आखूड शिंगवाले आधी टांगले जातात. निसर्गनिवड इतकी हातात धरून, फूटपट्टी लावून दाखवता येणं दुर्मीळ. खाटकाचं दुकान म्हणजेच प्रयोगशाळा.

@निवडुंग, सगळ्या जाती रक्त उडवतात का?

निवडुंग

वा, हे खाटकाचं भारी आहे.

नाही, सगळ्या नाही. इथेच पश्चिम टेक्सासात गोल शेपटीची एक छोटी जात आहे, फ्रायनोसोमा मोडेस्टम. ती उडवत नाही. ती पाठीची कमान करून गोटा होते. खड्यांत बसली की साक्षात खडा. काटेही बेताचेच, पोटाच्या कडेची झालरही नाही. ओळखायची सोपी खूण सांगते: कडेला दुहेरी झालर, पाठीवर पांढरी रेघ आणि डोक्यामागे दोन लांब शिंगं असली की कॉर्नुटम.

पिल्लांबाबतही जातींत फरक आहे. आमचा शिंगाड्या उन्हाळ्यात मातीत खड्डा करून अंडी घालतो, एका वेळी दोन-अडीच डझन सहज. उंच, थंड डोंगरांवरच्या काही जाती मात्र थेट पिल्लंच देतात. थंड मातीत अंडी उबवण्यापेक्षा पोटात घेऊन उन्हात बसलेलं बरं.

आणि पाणी! पाऊस आला की हा पाय ताठ करून मागचा भाग उचलतो, अंग पसरतो, डोकं खाली घालतो. खवल्यांच्या फटींत बारीक नाल्या असतात. पाठीवर पडलेलं पाणी त्यांतून ओढलं जात तोंडाच्या कोपऱ्यात पोचतं, आणि हा बसून ओठ हलवतो.

माईआजी

अगो बाई, ही तर पन्हळ झाली! आमच्या माहेरी पत्र्याला पन्हळ लावून खाली घंगाळ ठेवायचे, पागोळ्यांचं पाणी एक थेंब वाया जाऊ द्यायचे नाहीत. याने पाठीलाच पन्हळ लावली म्हणायची.

पठारावरचा

माई, हेच मोलॉकही करतो, त्याच्याही खवल्यांत नाल्या. दोघांनी समुद्रापलीकडून एकमेकांची कॉपी केली नाही, हे पुन्हा सांगतो.

फोर्टवर्थकर

उशिरा आलो. तुम्ही ज्याचा उल्लेख केलात त्या विद्यापीठातच, टेक्सास ख्रिश्चनमध्ये, माझा मुलगा शिकतो. घरात जांभळे टीशर्ट आणि शिंगवाले कप इतके झालेत की आता चहासुद्धा शिंगाड्यातून पितो. १८९७ पासून हा त्यांचा मानाचा प्राणी. ‘फ्रॉग’ म्हणतात, पण मैदानात नाचणाऱ्या बाहुल्याला शिंगं असतात. मुलाला म्हटलं, अरे हा सरडा आहे. म्हणाला, “बाबा, मॅचमध्ये हे बोलू नका.”

मिडलंडहून इकडे येताना वाटेत ईस्टलंड लागतं, तिथे थांबा एकदा. योगायोगाने १८९७ सालचीच गोष्ट. तिथल्या कोर्टाच्या इमारतीच्या कोनशिलेत म्हणे एक जिवंत शिंगवाला सरडा ठेवला होता. १९२८ च्या फेब्रुवारीत इमारत पाडताना हजारो लोकांसमोर कोनशिला उघडली, तर सरडा जिवंत! ३१ वर्षांनी! वीस वर्षं झोपून उठलेल्या गोष्टीतल्या रिपवरून नाव पडलं ‘ओल्ड रिप’. त्याला देशभर फिरवला, राष्ट्राध्यक्ष कूलिज यांनाही दाखवला. पुढच्या वर्षी जानेवारीत मेला, तर मसाला भरून मखमली पेटीत ठेवला. अजून कोर्टात काचेमागे आहे. मी बघितलाय. खारवलेल्या बोंबलासारखा दिसतो, पण बघितलाय.

शंकासुर

मी डोळ्यातलं रक्त मान्य केलं, पण हे नाही हं. ३१ वर्षं, अन्नपाण्याविना, दगडात? रानात हे सरडे जगतात किती?

निवडुंग

मोजकी काही वर्षं. कुणीतरी ऐन वेळी खिशातून ताजा सरडा आत सोडला, असं मानणारे तेव्हाही होतेच. थंडीत मातीखाली पडून राहतो हे खरं, पण एक हिवाळा, एकतीस नव्हे. @फोर्टवर्थकर, तरीही पुढच्या खेपेला थांबणार, बोंबील बघायला.

कोकणी_कडी

बोंबलाचा असा अपमान रत्नागिरीत चालणार नाही.

एक विचारू? मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटात मिळतात तसे हे तिकडे पाळायला मिळतात का? पोरगं मागे लागलंय.

निवडुंग

नाही हो. टेक्सासात याला उचलणंही गुन्हा आहे, म्हणून मीही बोट लावलं नाही. १९७७ पासून राज्याच्या संकटग्रस्त यादीत आहे, आणि १९९३ पासून राज्याचा अधिकृत सरपटणारा प्राणी! आधी यादीत, मग सिंहासनावर. कधीकाळी लोक हे पोत्याने पकडून पर्यटकांना विकायचे, पेंढा भरून शोभेला ठेवायचे. घरी नेलेले बहुतेक उपासमारीने मेले, कारण रोज मूठभर हार्वेस्टर मुंग्या आणणार कोण?

डॅलस-ऑस्टिनच्या पूर्वेकडे हा आता जवळजवळ दिसतच नाही. त्यातला एक दोष दक्षिण अमेरिकेतून जहाजांतून आलेल्या फायर अँट मुंग्यांचा. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्या अलाबामाच्या मोबील बंदरात उतरल्या आणि पसरत इकडे पोचल्या. त्या हार्वेस्टर मुंग्यांच्या जागा बळकावतात. पण त्यांना मारायला माणसांनी जे औषध ओतलं, त्यात लाल दिसली ती प्रत्येक मुंगी मेली. मुंग्या गेल्या, ताट गेलं.

आणि हे मी लांबून सांगत नाहीये. घर घेतलं त्या वर्षी मागच्या कुंपणापाशी मुंग्यांचं मोठं वारूळ होतं. मुलगी तेव्हा दोन वर्षांची. मी घाबरून कीटकनाशकवाल्याला बोलावलं. त्याने विचारलं, “लाल आहेत ना?” मी हो म्हटलं. दहा मिनिटांत काम झालं. शेजारचे म्हातारे आजोबा कुंपणापलीकडून बघत होते. नंतर म्हणाले, “त्यांना खायला इथे एक हॉर्नी टोड यायचा.” मला तेव्हा तो शब्दच कळला नव्हता, मान हलवून आत गेले.

फोर्टवर्थकर

आमच्याकडचं प्राणिसंग्रहालय यांची पैदास करतं आणि पिल्लं मेसन माउंटनच्या राखीव रानात सोडतात. आणि दक्षिणेला केनेडी आणि कार्न्स सिटी ही दोन छोटी गावं आहेत. तिथे हे चक्क गल्ल्यांत, पडीक प्लॉटवर टिकून आहेत. आमच्याच विद्यापीठाच्या लोकांनी त्यांच्या विष्ठा तपासल्या, तर तिथले सरडे वाळवी आणि बारक्या मुंग्याच जास्त खाताना सापडले. म्हणजे अगदीच एककल्ली नाहीत बिचारे.

माईआजी

निवडुंग, जिवाला लावून घेऊ नकोस. पदरात लहान पोर असलं की बाई घाबरतेच. पण मला एक सांग, दोन्ही लाल, मग या मुंग्या वेगळ्या ओळखायच्या कशा?

निवडुंग

माई, आता कळतं. फायर अँट बारीक, आणि त्यांचा ढीग म्हणजे चाळलेल्या भुसभुशीत मातीची रास, वर भोक दिसत नाही. काडी लावली की उकळी फुटावी तशा बाहेर येतात. हार्वेस्टर मोठ्या, अर्ध्या इंचापर्यंत, चौकोनी डोक्याच्या. त्यांच्या बिळाचं तोंड उघडं दिसतं आणि भोवती अंगण सारवल्यासारखं गोल मोकळं; गवताची काडी उगवू देत नाहीत. बारीक खडे मात्र नीट पसरलेले.

तसं एक अंगण यंदा मार्चपासून मागच्या कुंपणाशी परत झालंय, ताटाएवढं.

कोकणी_कडी

सरड्याची धाव कुंपणापर्यंत! आला का मग?

निवडुंग

अजून नाही. शनिवारचा तो गावाबाहेर चार मैलांवर होता, आणि मध्ये सहा पदरी रस्ता आहे.

गुरुवारी कीटकनाशकवाला तिमाही फेरीला येणार आहे. मुलीने त्या कोपऱ्यात चार खुंट्या ठोकून दोरी बांधलीय आणि पुठ्ठ्यावर लिहिलंय, ‘इथे फवारू नका’. खाली शिंगाड्याचं चित्र. शिंगं सहा काढलीत, पण पांढरी रेघ बरोबर आहे.